कोंडा बुरशीला, पाव मला

आजाऱ्याला भेटायला जाताना माणसं पाव का नेतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही. माझ्या दीड वर्षाच्या दुखण्यात आमच्या कासारवाडीच्या दोन खोल्यांत इतके पाव येऊन पडले की त्यावर एखादं हॉटेल चाललं असतं. येणारा दारात चपला काढणार, माझ्याकडे बघून तोंड पाडणार, पिशवीतून पाव काढणार आणि म्हणणार, "हलकं खा साळवे, हलकं." मग माझ्याच खाटेवर बसून चहा पिणार. त्याच्या मेव्हण्याला असंच झालं होतं, तो कसा झिजत झिजत गेला, हे सविस्तर सांगणार. आणि जाताना कमलला, म्हणजे माझ्या बायकोला, धीर धरायला सांगून जाणार.

हे मी आतड्याच्या दुखण्यानं जेरीस आलेल्यांसाठी लिहितोय. उपाय सांगायला नव्हे. उचलली जीभ लावली टाळ्याला, असे उपाय सांगणारे गल्लीगल्लीत आहेत आणि त्या सगळ्यांचा मला वीट आलाय. मला काय झालं आणि मी काय काय मूर्खपणा केला, तेवढं सांगतो. सगळ्यात मोठा मूर्ख ह्यात मीच आहे, तेव्हा दुसऱ्यांना नावं ठेवली तर वाईट वाटून घेऊ नका.

ट्रेची खोली

मी होतो तो कारखाना चिंचवडच्या अंगाला होता. लहानच, पण शिफ्टचा भोंगा मोठ्यांसारखा. तिथे पचनाचं औषध बनायचं. गव्हाचा कोंडा वाफवायचा, ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये बोटभर जाड पसरायचा, वर बुरशीचं बी पेरायचं आणि गरम, दमट खोलीत रचून ठेवायचं. दोन-तीन दिवसांत कोंडा बुरशीनं भरून यायचा. मग तो पाण्यात धुवायचा आणि त्या पाण्यातून अर्क काढायचा. जेवणातलं पीठ त्या अर्कानं पचतं. लोक तो बाटलीतून दोन-दोन चमचे घ्यायचे आणि पैलवान झाल्यासारखे ढेकर द्यायचे.

त्या ट्रेच्या खोलीचा मी मुकादम. कोंडा किती ओला हवा, किती मोकळा हवा, हे मुठीत दाबून सांगायचो. पोती पुण्याच्या एका पीठगिरणीतून यायची. त्याच गिरणीतला मैदा बेकऱ्यांना जायचा. गहू तोच. पांढरं माणसाला, साल बुरशीला. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. कोंडा म्हणजे गुरांचं खाणं, बुरशी तर गुरांहूनही खालची, खाऊ दे तिला. माझ्या डब्यात मात्र पाव असायचा, आणि तो मी चारचौघांत उघडून खायचो.

भाकरी मी सोडली होती. नुसती सोडली नव्हती, घरातून हद्दपार केली होती.

त्याचं कारण सांगायला लाज वाटायला नको, पण वाटते. माझा बाप चाकणच्या पलीकडल्या गावात गावकीचं काम करायचा. सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं. त्याचा मोबदला भाकरी. दिवस कलला की आई टोपलं घेऊन घरोघर जायची आणि मी तिचं बोट धरून. दारापासून लांब उभं राहायचं, हाक द्यायची आणि कुणी वाढीपर्यंत थांबायचं. वरून टोपल्यात पडायची ती सकाळची, कालची, कधी कड हिरवी पडलेली. पुढं बाबासाहेबांच्या मागं आम्ही धम्म घेतला, ते काम टाकलं, मी शाळा शिकलो, कंपनीला लागलो. पहिल्या पगाराला मी आईला सांगितलं, "आजपासून आपल्या घरात भाकरी थापायची नाही. गहू खायचा, भात खायचा, पाव खायचा."

माझी दिवसपाळी असली की आई आणि कमल दुपारी भाकरी करून खायच्या आणि मी यायच्या आत तवा घासून ठेवायच्या. मला वासावरून कळायचं. मी न कळल्यासारखं करायचो. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आला, तेव्हाही सगळ्या चाळीनं त्याच्या भाकरी नाक मुरडून खाल्ल्या आणि मी पावाच्या रांगेत उभा राहिलो. मला वाटायचं, मी काहीतरी मोठं जिंकलोय.

ताप गेला, पोट गेलं

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मला विषमज्वर झाला. आमच्या वसाहतीतल्या डॉक्टरनं कॅप्सूल दिल्या, ताप उतरला. तिथे थांबायचं तर मी कसला मुकादम. रोगजंतू मारायचे तर मुळासकट, अशा हुशारीनं मी त्याच कॅप्सूल दुकानातून आणून आणखी कितीतरी दिवस घेतल्या. डॉक्टरला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, मी औषधाच्या कारखान्यात होतो.

मग जुलाब लागले, ते थांबेनात. दिवसाला आठ, दहा, कधी मोजणं सोडून दिलं. आमच्या चाळीला चार संडास, आणि रांगेत डबे. रांगेत उभं राहायची सोय नव्हती, म्हणून लोक मला पुढे सोडायचे. आधी कळवळ्यानं, मग नाक दाबून. मागून कुणीतरी म्हणायचं, "साळव्याचा नंबर कायमचा पहिला." हसणाऱ्यांची तोंडं मला आजही पाठ आहेत. मग एक दिवस रक्त दिसलं. मी कमलला सांगितलं नाही. तिनं कपडे धुताना बघितलं होतं, तीही मला बोलली नव्हती. आठवडाभर आम्ही दोघं एकमेकांपासून तेच लपवत बसलो.

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा वजन निम्म्यावर आल्यासारखं वाटत होतं. खालून चुन्यासारखं पांढरं औषध भरून पोटाचे फोटो काढले. त्या टेबलावर माणूस माणूस राहत नाही, एवढंच सांगतो. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले, मागे सातआठ शिकाऊ. त्यांनी फोटो उजेडात धरला आणि फोटोशीच बोलले. मोठ्या आतड्याला सूज आहे, जखमा आहेत, दुखणं चिवट आहे. मी मध्ये विचारलं, "साहेब, जिवाला काही?" ते शिकाऊंना म्हणाले, "रुग्ण काळजीखोर आहे, हे लिहून घ्या." त्यांनी लिहून घेतलं.

मग पथ्य सांगितलं. चोथा बंद. भाकरी, पालेभाजी, साल, सालीसकट डाळ, सगळं बंद. पाव, दूध, साबुदाण्याची लापशी, अरारूटची बिस्किटं.

आता माझा नालायकपणा बघा. आतड्याला भोकं पडायची वेळ आलेली आणि मला आनंद झाला. शिकल्यासवरल्या माणसानं माझ्या मतावर शिक्का मारला होता. संध्याकाळी आई भेटायला आली तेव्हा मी उठून बसलो आणि म्हणालो, "ऐकलंस? डॉक्टरच म्हणालेत, भाकरी बंद." तिनं मान हलवली आणि माझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

वॉर्ड

इस्पितळात सकाळ होते ती काखेत थर्मामीटर घुसतो तेव्हा. मग चहा, मग कडा कापलेला पाव. कडाही कापायच्या, तेवढासुद्धा चोथा नको. मग डॉक्टरांची फेरी, म्हणजे आधी सगळ्या चादरी ताणायच्या, आजारी माणसं मागाहून. मग दिवसभर वर पंख्याकडे बघायचं.

एक गोष्ट चांगली झाली, तीही सांगतो, नाहीतर म्हणाल ह्याला सगळं कडूच लागतं. भांडं न्यायला एक मावशी यायच्या. मला रात्रंदिवस भांडं लागायचं आणि दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा त्यांना म्हणालो, "मावशी, तुम्हाला फार त्रास देतो." त्या म्हणाल्या, "पोट हाय ते, तेला काय कळतंय." आणि भांडं झाकून अशा गेल्या की जणू ताट नेतायत. पुढे बोलता बोलता कळलं, त्या आमच्यातल्याच. इतकी शिकलेली माणसं त्या वॉर्डात हिंडली, पण मला माणूस म्हणून वागवलं ते त्यांनी.

पावाचं वर्ष

घरी आलो. पथ्य पाळलं. मी पथ्य पाळलं तसं पाळणारा दुसरा दाखवा. सकाळी पाव-दूध, दुपारी पाव-दूध, रात्री लापशी. सूज उतरायच्या गोळ्या वेगळ्या. महिनाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. चार दिवस काही होत नसे, पोट दगड. पाचव्या दिवशी बांध फुटायचा आणि रक्त. पुन्हा इस्पितळ, पुन्हा गोळ्या, पुन्हा पाव. कारखान्यात रजा संपली, मग बिनपगारी. कमल पापडाच्या लाट्या करायला जाऊ लागली. तिच्या हाताला सोडा लागून भेगा पडल्या आणि मी खाटेवर बसून तिला पाव शिळा का आणला म्हणून विचारायचो.

एक दिवस तिनं मऊ भातात चार पानं मेथी शिजवून घातली. चोरून नव्हे, माझ्यासमोर. म्हणाली, "अहो, तोंडाला चव तरी येईल." मी ताट भिरकावलं. ते भिंतीला लागलं, हिरवा डाग पडला. कमलनं ताट उचललं आणि बाहेर जाऊन घासत बसली, स्वच्छ झालं तरी. आई म्हणाली, "किसन, दुखणं आतड्याला झालंय का डोस्क्याला?" मी तोंड फिरवून झोपलो. आज सांगतो, त्या घरात माझ्याइतका हलकट माणूस त्या दिवशी दुसरा नव्हता.

वर्ष सरता सरता मोठ्या डॉक्टरांनी हात वर केले आणि सर्जनकडे पाठवलं. सर्जननी पोट दाबलं आणि सरळ सांगितलं. मोठं आतडं काढावं लागेल. मग पोटाला बाहेरून वाट करायची आणि तिथे पिशवी बांधायची. मळ त्या पिशवीत. जन्मभर. सहा आठवड्यांनी या, तोवर थोडं रक्त वाढू दे.

मी जिन्यावर बसलो. कमल शेजारी बसली. मी तिला म्हणालो, "मी हे करणार नाही." ती म्हणाली, "जीव राहील." मी म्हणालो, "नको तसला जीव."

तिला कळलं असेल-नसेल, तुम्हाला सांगतो. माझ्या बापजाद्यांना लोकांनी घाण म्हटलं. घाण काढायला लावली आणि वर घाण म्हटलं. मी रोज दोनदा अंघोळ करणारा माणूस, पांढरा सदरा इस्त्री करून घालणारा, कुणी नाक मुरडू नये म्हणून. आणि आता पोटाला मळाची पिशवी बांधून शिफ्टला जाऊ? कँटीनमध्ये माझ्या शेजारी कोण बसेल? मला मरणाची भीती नव्हती. मला त्या पिशवीची भीती होती. सहा आठवड्यांनी एक तर पोट कापून घ्यायचं, नाहीतर रेल्वेखाली जायचं, असं माझ्या मनात ठरत आलं होतं. रूळ जवळच होते.

लेलेबाई

रजेचे कागद द्यायला कारखान्यात गेलो. तिथे लेलेबाई भेटल्या. त्या आमच्या प्रयोगशाळेत बुरशीचं बी तपासायच्या. तिशीच्या आतल्या, फटकळ. कारखान्यातले पुरुष त्यांना मागे काय काय म्हणायचे, ते लिहिण्याच्या लायकीचं नाही. त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, "काय खाता?"

मी अभिमानानं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "साळवे, मैद्याच्या ट्रेचं आठवतं का?"

न आठवायला काय झालं. दुष्काळात कोंडा मिळेनासा झाला तेव्हा खरेदीच्या साहेबानं अक्कल चालवली की गिरणीत सांडलेलं मैद्याचं पीठ घाला, तेही गव्हाचंच. मी नको म्हणालो होतो. माझं कोण ऐकतो. ट्रेमध्ये नुसता लगदा झाला. वर थोडी बुरशी धरली, आत हवा नाही, खाली सडून आंबूस घाण सुटली. अख्खी खेप फेकली. साहेबानं खापर माझ्या माणसांवर फोडलं, नाचता येईना अंगण वाकडं. तेव्हा मी हातानं अहवाल लिहिला होता.

"काय लिहिलं होतंत?" लेलेबाई म्हणाल्या.

"की कोंड्याशिवाय जीव धरत नाही."

"तुमच्या आतड्यातही जीव असतात. असंख्य. कॅप्सूल खाऊन त्यातले बरेच तुम्ही मारलेत. उरलेत त्यांना वर्षभर काय घालताय?"

मला राग आला. मी म्हणालो, "बाई, मी माणूस आहे, ट्रे नाही."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बुरशी वेगळी, आतड्यातले जंतू वेगळे. पण दूध, मैदा, साबुदाणा बहुतेक वरच्या वरच पचून जात असेल. खाली मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो तो चोथा, आणि जे पीठ पचायचं राहिलं ते. त्यावर ते जगतात, असं काहीजण म्हणतात. बाहेरच्या मासिकांत वाद चाललाय. मला नक्की माहीत नाही. नक्की कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका."

मी विचारलं. मोठे डॉक्टर हसले. "ह्या बाई डॉक्टर आहेत का?" मी नाही म्हणालो. "मग? जखमेवर कुणी काथ्या घासतं का?" आणि त्यांनी घंटी वाजवून पुढचा माणूस आत बोलावला. त्यांचं म्हणणं ऐकायला चुकीचं नव्हतं. मलाही तेच पटत होतं. पण वर्षभर मी जखमेवर लोणी लावत होतो आणि जखम भरत नव्हती, हे त्या खोलीत कुणी बोलत नव्हतं.

इस्माईलभाई

आमचा पाव इस्माईलभाईच्या बेकरीतला, स्टेशनच्या रस्त्याला. एक दिवस कमल कामाला गेली होती म्हणून मीच भिंत धरत धरत गेलो. दुपारची वेळ, भट्टी शांत. इस्माईलभाई मागच्या पोत्यावर बसून जेवत होता. मी बघितलं तर पानात ज्वारीची भाकरी आणि डाळ.

मी म्हणालो, "काय भाई, पावाच्या डोंगरावर बसून भाकरी?"

तो म्हणाला, "साळवेभाऊ, पाव विकायचा माल हाय. खायचा नाय. चार दिवस खाल्ला ना, पोटात लई जमून बसतो. आमच्या भट्टीवरचा एक बी गडी नाय खात."

"मग मला वर्षभर देतोस तो?"

तो गोंधळला. "तुमी म्हणालात डॉक्टरनं सांगितलंय. डॉक्टरच्या मधी मी कशाला बोलू?"

मी तिथेच दुसऱ्या पोत्यावर बसलो. कोंड्याच्या खोलीचा मुकादम पाव खातो आणि पावाचा मालक भाकरी खातो, आणि दोघांतला शहाणा कोण, ते माझ्या अंगावरच्या हाडांकडे बघून कळत होतं. त्या दिवशी पाव न घेताच घरी आलो.

आई

आई दारात निवडत बसली होती. मी म्हणालो, "आई, आंबील करशील का?"

तिनं सूप खाली ठेवलं. "डागदर?"

"डॉक्टर नको म्हणतो. पाच आठवड्यांनी सर्जन पोट कापणारच आहे. कापायच्या आधी बघू."

ती उठली नाही. म्हणाली, "आंबिलीचं करीन. मग म्होरं भाकरी खाशील का? का ताट फेकशील?"

मग इतक्या वर्षांत जे बोललो नव्हतो ते बोललो. "मला ती घशाखाली जात नाही. टोपलं दिसतं."

आई म्हणाली, "टोपलं मी धरलं व्हतं, किसन. तू न्हाई. खुरपत कोण व्हतं त्या रानात? मी. कापणी कुनी केली? तुज्या बापानं आन मी. ज्वारी आपल्याच हातची. त्येंनी तिची भाकर करून आपल्यालाच दारात उबं करून दिली. त्यात भाकरीचा काय गुन्हा? थुकायचं तर त्येंच्यावर थुक. भाकरीवर कशाला थुकतोस?"

एवढी वर्षं मी चुकीच्या गोष्टीचा तिरस्कार करत होतो. माझा सगळा ताठा एका वाक्यात उतरला. रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

पाच आठवडे

पहिले चार दिवस मेलो असतो तर बरं, असे गेले. ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवून, ताकात पातळ शिजवलेली आंबील, सुरुवातीला अर्धी वाटीच. पोटात वारा असा धरायचा की कमल घाबरून रिक्षा आणायला निघायची. गोळ्या मी सोडल्या नव्हत्या, हे नीट वाचा. नाहीतर कुणी शहाणा गोळ्या फेकून आंबील पीत बसेल आणि माझ्या नावानं मरेल.

आठवड्यानं वाटी पुरी झाली. मग भाकरीचा मऊ भाग वरणात कुस्करून, चार घास. मग भोपळा. मग मूग. मध्ये एकदा रक्त पुन्हा दिसलं, दोन दिवस सगळं थांबवलं, आई घाबरली, मी घाबरलो नाही. मला काय, माझं पोट कापायचं ठरलेलंच होतं. पुन्हा अर्ध्या वाटीपासून सुरुवात.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी ऊन खात ओट्यावर बसलो होतो. कमल लाट्यांचं पीठ मळता मळता म्हणाली, "काल एकदाच गेलात." मी म्हणालो, "तू मोजतेस?" ती म्हणाली, "दीड वर्ष मोजतेय." मी तिच्या हाताच्या भेगांकडे बघितलं. माफी मागायची होती. मी म्हणालो, "आजपासून भाकरी उघड्यावर थापा." ती म्हणाली, "सासूबाई कधीपासूनच थापतायत. तुम्हीच घरात नव्हता." मी तर खाटेवरून हललो नव्हतो, पण ती काय म्हणतेय ते मला कळलं.

आंबिलीनं बरं वाटलं, की गोळ्यांनी उशिरा काम केलं, की दुखणं आपल्याआप ओसरलं, मला सांगता येणार नाही. लेलेबाईंना सांगितलं तेव्हा त्याही म्हणाल्या, एका ट्रेवरून खेप ठरत नाही. त्यांच्यासारखं "माहीत नाही" म्हणणारं माणूस मला साऱ्या दुखण्यात दुसरं भेटलं नाही. हल्ली मात्र जो तो कोंड्याचं माहात्म्य सांगत सुटलाय. काल पाव आणणारे तेच आज कोंडा आणतात. त्यांना अक्कल तेव्हाही नव्हती.

सर्जनच्या खोलीत

ठरल्या दिवशी सर्जनकडे गेलो. कमलला लाट्यांचं काम सोडता येईना, म्हणून आई बरोबर आली. मोठे डॉक्टरही तिथेच बसले होते. पुन्हा तपासलं, दुर्बिणीची नळी घालून बघितलं. सर्जन हातमोजे काढत म्हणाले, "जखमा भरत आल्यात. कापायची गरज नाही. सहा महिन्यांनी या." मला काही ऐकू येईना झालं. पिशवी नाही. मी कपाळाचा घाम पुसत नुसता उभा राहिलो.

मोठे डॉक्टर खूश होते. त्यांनी माझा कागद ओढला, पेन काढलं आणि विचारलं, "पथ्य काय पाळलंत?"

आई दाराशी उभी होती. लांब, जशी ती कायम अशा खोल्यांत उभी राहते. भोवती चारपाच शिकाऊ पांढऱ्या कोटात. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या अंगात इस्त्रीचा सदरा होता. आणि माझ्या तोंडून गेलं, "पाव आणि दूध, साहेब. तुम्ही सांगितलं तसंच."

ते शिकाऊंना म्हणाले, "बघा. चोथा बंद, वर्षभर नेटानं पाळलं." आणि कागदावर तसं लिहिलं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा बाकावर माझ्यासारखीच एक वाळकी बाई नवऱ्याबरोबर बसली होती. तिला आत बोलावलं आणि मोठे डॉक्टर दार लागायच्या आत तिला सांगू लागले, "आत्ता गेले ते साळवे बघितलेत का? नुसत्या पाव-दुधावर बरे झाले."

मी परत आत जाऊ शकलो असतो. दहा पावलं होती. गेलो नाही.

बसमध्ये खिडकीशी आई बसली, शेजारी मी. दापोडी आली. मग बाहेर बघतच म्हणाली, "किसन, तू तिथं लाजलास तो भाकरीला लाजलास का मला?"

मी उत्तर दिलं नाही. ती त्यानंतर तीन वर्षं जगली, रोज तिच्या हातची भाकरी मी खाल्ली, आणि उत्तर दिलं नाही. त्या वाळक्या बाईचं काय झालं, मला माहीत नाही. आईला काय उत्तर द्यायचं होतं ते मात्र माहीत होतं. भाकरीलाही आणि तुलाही, आई. मी दोघींना लाजलो.